विष्णुपुरीला ॲडमिट

उन्हाळा तोंडावर आला की माझा फोन तापायला लागतो. मुखेड तालुक्यातलं कुठलंही पोर दहावीचा शेवटचा पेपर टाकून घरी आलं, की त्याचे आई-बाप मला फोन लावतात. माझी पात्रता एकच, मी लातुरात राहते. मी शाळेत मराठी शिकवते. संधी, समास, समानार्थी शब्द. गणिताशी माझं जमतं ते दूधवाल्यापुरतं. पण 'अक्का लातुरात हायत, त्यायला सगळं माहीत' हे आमच्याकडं पक्कं झालंय, आणि मीही आता नाही म्हणायचं सोडून दिलंय.

काल अशाच एक बाई फोनवर होत्या. मुलगी मोकळी झालीय, अकरावीला अवकाश आहे, विष्णुपुरीला ते उन्हाळी इंजिनिअरिंगचं शिबिर असतं म्हणे, तुमच्या भाचीनं केलं होतं ना, कसं आहे, पाठवू का? मी उद्या सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. खिडकीतून डाळमिलकडची गरम हवा आत येत होती, तिला तुरीच्या भुश्शाचा वास. हा वास आला की मला दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो, आणि तो आठवला की माझं डोकं फिरतं.

आमच्या लातुरातला उन्हाळाही तसा डोकं फिरवणाराच. इतर गावांत परीक्षा संपली की सुट्टी लागते, इथं बॅच लागते. ऑटोंच्या पाठीवर क्लासचे फलक येतात, फलकांवर गेल्या वर्षीच्या पोरांचे चौकोनी चेहरे, हसायला सांगितलं म्हणून हसलेले. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या वरच्या मजल्यावर पोरी ठेवलेल्या असतात. ठेवलेल्याच म्हणायचं, त्या राहत नसतात. ऊन कलतं तेव्हा त्या ओले केस पाठीवर सोडून गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसतात. कडुलिंबाची बारीक फुलं पानांवर पडतात, त्या फुंकर मारून उडवतात आणि पुढचं गणित धरतात. मला त्या फुंकरीचा राग येतो. आमच्या उन्हाळ्यात ती फुलं आम्ही ओंजळीत गोळा करत होतो, त्याचा काहीही उपयोग नव्हता, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

शिवकन्या ही माझ्या धाकट्या भावाची, माधवची मुलगी. घरात शिवू. माधव मुखेडजवळच्या आमच्या गावात शेती करतो. सोयाबीन, तूर, थोडा हरभरा, बोअरचं पाणी. त्या बोअरची मोटार दर उन्हाळ्यात जळायची. गावातल्या सगळ्यांच्याच मोटारी जळायच्या, त्यामुळं त्यात कुणाला विशेष वाटत नव्हतं. ऊन पडतं, तशी मोटार जळते. शिवू मात्र लहानपणापासून स्टार्टरच्या पेटीसमोर उकिडवी बसून कान देऊन ऐकायची. एकदा मला हाताला धरून घेऊन गेली आणि म्हणाली, जळायच्या आधी ती येगळंच हुंकारती, आत्या, ऐक. मला काही वेगळं ऐकू आलं नाही. मोटार ती मोटार. पण पोरगी ज्या चेहऱ्यानं ऐकत होती, तो चेहरा मी वर्गात फार कमी वेळा बघितलाय. माधवला तिचं भारी कौतुक. पारावर बसून सांगायचा, आमची शिवू इंजिनेर होणार.

तिची दहावी झाली आणि माझ्यापुढं तीन वाटा आल्या. पहिली लातूरची, फाउंडेशन बॅच, म्हणजे अकरावीच्या आधीच अकरावी. दुसरीही लातुरातलीच, एका गारेगार हॉलमध्ये रोबोट बनवायचं शिबिर. तिसरी विष्णुपुरीची. नांदेडजवळ धरणाच्या अंगाला काही निवृत्त प्राध्यापकांनी चालवलेलं उन्हाळी शिबिर, दहावी दिलेल्या मुलामुलींसाठी, इंजिनिअरिंग म्हणजे काय ते कॉलेजात जायच्या आधी हातानं कळावं म्हणून. शिवूच्या विज्ञानाच्या सरांनी तिला त्याची माहिती दिली होती आणि तिनं डोक्यात घेतलं होतं. माधव म्हणाला, अक्का, तूच बघ, तू लातुरात राहतीस.

बघितलं. कुणाच्या तरी पोरीच्या उन्हाळ्याचा प्रश्न आहे, नुसतं फोनवर विचारून भागत नाही. फाउंडेशनवाल्या साहेबांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि सांगितलं, मॅडम, हे दोन महिने गेले म्हणजे दोन वर्षं गेली समजा. रोबोटवाल्यांकडं प्रत्येक पोराला एक खोका होता, खोक्यात नंबर टाकलेले भाग, जोडले की गाडी तयार. सगळ्यांच्या गाड्या सारख्या धावत होत्या. एका मुलाचं चाक उलटं बसलं होतं, त्याची गाडी जागच्या जागी गरागरा फिरत होती आणि तो तोंड उघडं टाकून बघत होता. तिथल्या बाईंनी धावत येऊन चाक सरळ करून दिलं. त्या हॉलमध्ये बघण्यासारखं तेवढंच होतं, तेही त्यांनी मिटवलं.

विष्णुपुरीला एक पत्र्याची शेड होती. उभे पंखे गरम हवा इकडून तिकडं करत होते. खाली जुने पंप उघडून पडलेले, टेबलांवर चटक्यांचे काळे डाग. शिबिर चालवणाऱ्या सरांना मी एकच प्रश्न विचारला. इथं मुली स्वतः हात लावतात, का मुलं काम करतात आणि मुली लिहून घेतात? सर हसले. म्हणाले, लिहून घ्यायला आमच्याकडं वह्याच नाहीत, मॅडम. मुलींच्या वसतिगृहातल्या बाईंनी मला स्टीलच्या कपात चहा दिला, खोल्या दाखवल्या, कुलपं दाखवली. बाहेर आले तर धरणाकडून वारा येत होता. उन्हातलाच, पण पाण्याचा वास घेऊन आलेला. मी तिथंच ठरवलं. फाउंडेशनवाल्यांना नाही म्हणायलासुद्धा परत गेले नाही.

आपण निवड करताना काय काय बघतो. शिकवणारे कोण, राहायची सोय कशी, पोरगी सुखरूप राहील का, पुढं उपयोग काय. हे सगळं मी बघितलं, आणि आजही म्हणेन, नीट बघितलं. गावाला हे कोणत्या शब्दांत सांगायचं, हे बघायचं असतं हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मराठीची बाई, आणि सगळं अडलं ते एका शब्दावर.

माधवनं मुखेडच्या बाजारात, चार ओळखीच्या लोकांत, अभिमानानं सांगितलं, शिवूला विष्णुपुरीला ॲडमिट केलं.

आता आमच्याकडं पोराला शाळेत घातलं तरी ॲडमिट, वसतिगृहात ठेवलं तरी ॲडमिट. वर्गात मी हा शब्द हजारदा दुरुस्त केलाय. ॲडमिशन म्हणा रे, नाहीतर सरळ प्रवेश म्हणा, ॲडमिट पेशंट होतो. पोरं हसतात आणि घरी जाऊन तेच म्हणतात. पण विष्णुपुरी. विष्णुपुरीला धरण आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि मोठा सरकारी दवाखानाही आहे. साप चावला, बाळंतीण अडली, कुणी ट्रॅक्टरखाली आलं, की आमच्या गावांतून जीप तिकडंच सुटते. 'विष्णुपुरीला नेलं' हे वाक्य आमच्याकडं आवाज उतरवून म्हणतात. धरण बघायला गेलेल्या माणसासाठी कुणी आवाज उतरवत नाही.

संध्याकाळपर्यंत माझा फोन वाजायला लागला. काय झालं पोरीला? कधीपासून? डॉक्टर काय म्हणतेत? मला आधी हसूच आलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला, बायकांनी पोट धरलं.

मग कौसाकाकू निघाली. कौसाकाकू आमच्या चुलत चुलत्याची बायको, जीव लावणारी बाई. तिनं ज्वारीच्या भाकरी केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, डब्यात दही घेतलं, आणि कुणाला न विचारता एसटीनं विष्णुपुरी गाठली. दवाखान्यात ती वॉर्डामागून वॉर्ड फिरली. तिथल्या सिस्टरांनी बिचाऱ्यांनी सगळीकडं बघितलं, शिवकन्या नावाची पोरगी कुठंच नव्हती. शेवटी जिन्यात बसून तिनं ती भाकरी दुसऱ्याच कुणाच्या पेशंटला खाऊ घातली आणि रडत घरी आली. शिवू तेव्हा तिथून हाकेच्या अंतरावर एका पंपाचं पोट उघडून बसली होती.

कौसाकाकूनं गावात सांगितलं ते खरंच सांगितलं. सरकारी दवाखान्यात तिचं नाव न्हाई. एवढंच. बाकीचं गावानं पुरं केलं. नाव नाही म्हणजे दुसरीकडं नेलंय. दुसरीकडं नेलंय म्हणजे लपवलंय. वयात आलेल्या पोरीचा असा कोणता आजार असतो, जो लपवावा लागतो? त्यानंतर मला फोन यायचे बंद झाले, आणि मग माझं हसूही बंद झालं. लोक विचारतात तोवर ठीक असतं.

माधव सांगून थकला. शिबिर हाय, इंजिनेरिंगचं शिबिर हाय, पोरगी ठणठणीत हाय. लोक मान हलवायचे, हाव, हाव. हाव म्हणजे आमच्याकडचं हो, पण त्या 'हाव'ला काही अर्थ नसायचा. जितकं समजावावं तितकं ते सारवासारव केल्यासारखं वाटायचं. सुनंदा, माझी भावजय, हापशावर गेली की बायका विषय बदलायच्या. माधव त्या दिवसांत फोनवर माझ्याशी नीट बोलत नव्हता.

आणि शिवू. रविवारी तिला फोन मिळायचा. ती इतकं भरभर बोलायची की मला मधूनच थांबवावं लागायचं. तिला कळलं होतं मोटार का जळते. लाइटीचा दाब पडला की मोटार फिरायला जास्त करंट ओढते, तापते, आणि आतली वायर जाते. "आत्या, ती हुंकारती ना, ते त्याचंच असतं," ती म्हणाली, "मला बरोबर ऐकू येत होतं." दाब पडला की मोटार आपोआप बंद करील असं एक छोटं सर्किट ती स्वतः जोडत होती. हातावर सोल्डरिंगच्या तापल्या टोकाचा चटका बसला होता, तेही तिनं बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं. इतकी सुखी मी तिला कधी ऐकली नव्हती. गावातलं मी तिला काही बोलले नाही. कशाला बोलू? चार आठवड्यांचं तर होतं.

तेवढ्यात सुनंदाच्या भाच्याचं लग्न निघालं, मुखेडला. माधव म्हणाला, शिवूला आणू, चार लोकांत दिसली की बोलणं बंद होईल. शिबिराला नातेवाईक म्हणून माझी सही होती, तेव्हा तिला सोडवायला मलाही जावं लागलं. शेडच्या बाहेर, बोलता बोलता आमचा आवाज चढला. मी त्याला नाही नाही ते बोलले. पोरीचं काम अर्ध्यावर आहे, लोकांना दाखवायला ती काय पोळ्याचा बैल आहे का, म्हणाले. शहाण्या माणसाला कळेल असं सगळं बोलले. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, तू लातुरात राहतीस. मला गावात राहायचंय."

त्याचं हे खरं होतं. आजही खरं आहे, आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो. शिवू बॅग घेऊन आली, हातात पेढ्यांचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा, त्यात तिचं अर्धं जोडलेलं सर्किट. सर म्हणाले, लग्न उरकून ये, तुझं टेबल तसंच ठेवतो. तिनं माधवला विचारलं, लग्न झालं की लगेच परत ना, आप्पा? तो हाव म्हणाला. हे 'हाव' मात्र त्याचं खरं होतं, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगेन.

मांडवात सुनंदानं तिला पहिल्या रांगेत, कूलरच्या समोर बसवलं होतं, पिवळा ड्रेस, केसांत गजरा. सगळ्यांना दिसेल अशी. कौसाकाकू आली, तिनं शिवूच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि मग तिचा हात हातात घेतला. हाताच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी होती. काकूचे डोळे भरले. म्हणाली, लई सुया टोचल्या गं माज्या लेकराला.

शिवूला खोटं बोलता येत नाही. "सुई न्हाई, काकू," ती म्हणाली, "भाजलंय थोडं."

मागच्या रांगेतल्या बायका पुढं वाकल्या.

भाजणे. वर्गात मी हे क्रियापद शिकवते. भाकरी भाजणे, शेंगा भाजणे, वांगं भाजणे. पण वयातली पोरगी भाजली, असं आमच्याकडं कुणी म्हटलं, की ऐकणारा पुढचं विचारत नाही, त्याला पुढचं सगळं आपोआप दिसतं. अक्षता पडेपर्यंत ती गोष्ट मांडवभर झाली होती. एक बाई, चांगल्या घरची, शिकलेली, माझ्या कानाशी वाकली आणि हळूच विचारलं, आपल्या हातानं का? मी तिच्याकडं नुसतं बघितलं.

शिवूनं ते ऐकलं होतं. तिनं पट्टीचा हात ओढणीखाली घेतला. जेवणाच्या पंगतीतसुद्धा तिनं तो डावा हात वर काढला नाही. सासरी आल्यासारखी ती खाली मान घालून जेवली. परत येताना जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मुखेड मागं पडल्यावर तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, लातूरच्या बॅचला अजून घेतेत का, आत्या?

विष्णुपुरीला परत जायला तिला कुणी नको म्हटलं नाही. जा असंही कुणी म्हटलं नाही. ती माझ्याकडं आली, वरच्या खोलीत राहिली, आणि मग तीही संध्याकाळी गच्चीवर टाकीच्या सावलीत बसायला लागली, पुस्तकावरची फुलं फुंकर मारून उडवायला लागली. चांगला अभ्यास केला तिनं. तक्रार म्हणून नाही केली. पेढ्यांचा तो डबा माझ्या फ्रिजवर आहे. झाडताना मी तो उचलते, खालची धूळ पुसते आणि परत ठेवते. तिनं तो कधी उघडला नाही. गावाकडची मोटार त्या उन्हाळ्यात जळली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही जळली.

कधी कधी वाटतं, एवढं काय झालं? शिबिराचे राहिलेले दिवसच ते. पोरगी शिकते आहे, हुशार आहे, बारावीही झाली, प्रवेश परीक्षाही दिली, इंजिनिअरिंगलाच जाणार आहे. मग माझा जीव का जळतो? बहुतेक ते फोनवरचं भरभर बोलणं पुन्हा ऐकू आलं नाही म्हणून. दोन वर्षं ती माझ्या घरात आहे, आणि मला तिला एकदाही मधेच थांबवावं लागलं नाही.

त्या बाईंना आज सकाळी फोन केला. शिबिर चांगलं आहे, पाठवा, म्हणाले. मुलींना तिथं स्वतः हात लावू देतात. गावात काय सांगायचं, ते मात्र जपून सांगा. त्यांना शेवटचं वाक्य कळलं नसावं, पण त्या हाव म्हणाल्या.

गेल्या रविवारी माधव आला होता, गावरान आंब्यांची पिशवी घेऊन. आता कॉलेज ठरवायचे दिवस आहेत. आमरस झाला, शिवू वाढत होती. माधवनं घसा साफ केला आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, शिवूची ॲडमिशन विष्णुपुरीला करू म्हणतो, घराजवळ हाय, तिला आवडतंही. मी मान वर करून बघितलं. ॲडमिशन. सुनंदानं मला नंतर फोनवर सांगितलं, महिनाभर तो हा शब्द घोकत होता, बैलांना पाणी दाखवतानासुद्धा. ताटावर मात्र मी नुसता तो शब्द ऐकला. वाटलं, सुटला एकदाचा तो उन्हाळा.

शिवू वाटी भरत होती. ती भरूनच तिनं डाव खाली ठेवला.

"विष्णुपुरी नको, आप्पा."

"कामून? तुला तर लई आवडलं होतं."

"आवडलं होतं," ती म्हणाली. "पण तिथं गेले की गावात मी आजारी पडते."

रागानं नाही म्हणाली. मोटार का जळते हे सांगताना जशी म्हणाली असती, तशीच म्हणाली. माधव तिच्या हाताकडं बघत राहिला. चटक्याचा डाग आता फिकट झालाय, माहीत असलेल्यालाच दिसतो. त्यानं वाटी पुढं ओढली, पण तो जेवला नाही. पुणे बघू, नाहीतर नागपूर, शिवू म्हणाली, आणि रिकामं ताट उचलून आत गेली.

मी त्याला ऑटोनं स्टँडवर सोडायला गेले. मुखेडची गाडी लागलेली होती. खिडकीतून गावातल्याच एकानं हाक मारली, आणि पोरीला कुठं घालणार म्हणून विचारलं. माधव क्षणभर पायरीवर थांबला. "ॲडमिशनचं अजून बघून राहिलो," म्हणाला. शब्द त्यानं अगदी बरोबर उच्चारला.